आधी मरम्मत, मग मुलामा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती, निकालपत्रकांचे काम हातावेगळे झाले होते आणि थोरल्या मुलीच्या रिश्त्यासाठी बीडहून पाहुणे येणार असा निरोप आला. रविवार ठरला. हातात नऊ दिवस होते. अशा निरोपानंतर घरातल्या बाईची नजरच बदलते. वीस वर्षे ज्या भिंतीजवळून रोज ये-जा केली, तिचा पोपडा नेमका त्याच दिवशी दिसतो. मीही अंगणात जाऊन, पाहुणी बनून, माझ्याच घराकडे पाहिले आणि माझी नजर झालरीवर अडकली.

आमचे घर तलवाड्याच्या जुन्या वस्तीत आहे. त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे गेवराई तालुक्यातले हे गाव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. मागच्या दोन खोल्या दगड-मातीच्या, वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळती लागली की लोक माळवदावर आणखी माती टाकायचे. दरवर्षी मातीवर माती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद भागात त्या जड छतांखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर माझ्या सासऱ्यांनी मजूर लावून आमच्या माळवदावरची निम्मी माती उतरवून घेतली. गळतीचे मूळ न शोधता वरून भर घालत गेल्याची किंमत काय असते, हे त्या पहाटेने सगळ्या मराठवाड्याला शिकवले होते. पण शिकलेले लक्षात राहतेच असे नाही. मी शिक्षिका आहे, मला हे चांगले माहीत आहे.

घराच्या पुढे ओसरी आहे. तिच्यावर पत्रा. पत्र्याखाली लाकडी वासे, वाशांच्या खाली एक लांब तुळई आणि तिला पेलणारे चार खांब. वाशांची उघडी टोके झाकायला पुढे आडवी फळी ठोकलेली आहे आणि तिच्या खालच्या काठाला पाकळ्या कातरलेल्या आहेत. तिला आम्ही झालर म्हणतो. हल्लीचे ठेकेदार तिला फॅशिया म्हणतात. ती नुसती शोभेची नसते. लाकडाचे कापलेले टोक पाणी फार लवकर ओढून घेते. त्या टोकांवर पावसाचा मार बसू नये म्हणून ती पुढे उभी असते. ऊन, वारा, पाऊस आधी तिने सोसायचा आणि मागच्या लाकडाने जगायचे.

आमच्या झालरीने पुष्कळ सोसले होते. तीन पाकळ्या गळून पडल्या होत्या. रंगाचे पापुद्रे लोंबत होते. पश्चिमेच्या कोपऱ्यात फळी काळी पडली होती.

माझे धाकटे दीर पुण्यात असतात. त्यांना फोनवर सांगितले, तर लगेच म्हणाले, “भाभी, त्यात काय एवढं? वरून अ‍ॅल्युमिनियम चढवून टाका. दोन दिवसांचं काम. आमच्या सोसायटीत सगळीकडे तेच आहे. पैसे मी पाठवतो.” संध्याकाळी त्यांनी फोटोही पाठवले. स्वच्छ, सरळ, चकचकीत कडा. मला हायसे वाटले.

दुसऱ्याच दिवशी एका फॅब्रिकेटरला बोलावले. त्याने टेप लावून मोजले. समोरची बाजू आणि दोन्ही कडा मिळून 46 फूट. त्याने नमुने पुढे ठेवले. साधा पत्रा, रंगाचा थर दिलेला पत्रा आणि दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक भरलेली जाड शीट, जिला एसीपी म्हणतात. एसीपीत एक नमुना सागवानी लाकडासारखा दिसणारा होता. मला तोच आवडला. लाकडावर लाकडासारखा दिसणारा धातू चढवायचा, यात काही विचित्र आहे हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही. त्याने 12,000 रुपये सांगितले. “जुनं लाकूड काढायची गरज नाही मॅडम, त्यावरच ठोकून देतो. रविवारच्या आत घर नवं दिसेल.”

घर नवे दिसेल. मला एवढेच हवे होते.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीतल्या आपल्या खाटेवर बसून हे सगळे ऐकत होत्या. त्या घरात दखनीच बोलतात, मी इथे मराठीत लिहिते. त्या एवढेच म्हणाल्या, “बेटा, आधी खोलून तरी बघ.” मला वाटले, जुन्या आठवणींमुळे म्हणत असतील. ही झालर त्यांच्या लग्नाच्या वर्षी बसवलेली. मी जरा तोऱ्यातच म्हणाले, “अम्मी, काढत नाही आहोत. फक्त झाकतो आहोत.” त्या गप्प बसल्या.

फॅब्रिकेटर म्हणाला होता की, लोंबणाऱ्या पाकळ्या तेवढ्या सुताराकडून काढून ठेवा. म्हणून गावातल्या मिस्त्रीमामांना बोलावले. वय सत्तरीच्या आसपास. मला तेव्हा कळले की, ही झालर त्यांच्याच वडिलांनी कातरली होती. ते शिडीवर चढले, खिशातून पेचकस काढला आणि फळीला टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला, जणू भिजलेल्या पावात जावा तसा. मग ते सरकत सरकत बोटांनी फळी ठोकत गेले. कुठे टणटणीत आवाज, कुठे बद्द. पश्चिम कोपऱ्यात त्यांनी फळीचा एक तुकडा उचकटला आणि मला शिडीवर बोलावले.

मी वर चढून पाहिले. फळीच्या मागे वाशांची टोके होती, पण त्यांतल्या दोन वाशांना टोकच उरले नव्हते. तपकिरी भुगा होता. भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या होत्या. वाळवी. ती नळी तुळईपर्यंत पोचली होती. पत्र्याच्या जुन्या खिळ्यांची भोके मोठी झाली होती, त्यांतून पाणी आत यायचे आणि वाशावरून ओघळत थेट तुळईच्या टोकावर जायचे.

“बाई,” मामा म्हणाले, “वाळवीला दोन गोष्टी लागत्यात. अंधार आन् वल. वरून पत्रा ठोकला की दोन्ही तुमीच पुरवणार. पाणी तर वरून येतंयच, ते आत कोंडणार. दोन पावसाळं बाहेरून चकाचक दिसंल. मग एक दिवस तुळई खाली.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “माझ्या बापाच्या हातचं काम हाय म्हणून सांगतो, झाकू नका. चांगलं असंल तर दिसू द्या. नासलं असंल तर काढून टाका.”

तुळईचे ते टोक नेमके अम्मींच्या खाटेवर येते.

मी खाली उतरले तेव्हा माझे पाय थरथरत होते. अम्मींना विचारले, “तुम्हाला कधी काही जाणवलं नाही का?” त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दोन वर्षांपासून अंथरुणावर माती पडते. फजरला उठले की चादर झटकते.” मी विचारले, “मग सांगितलं का नाही?” त्या म्हणाल्या, “पोरीचं लग्न तोंडावर आहे. तुळई खराब झाली म्हटलं असतं तर तुम्ही आधी त्यातच पैसा घातला असता. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर थोडी माती पडली तर काय बिघडतं?”

वाचक भगिनींनो, मी त्या दिवशी रात्री झोपू शकले नाही. मी पाहुण्यांपासून लाकूड झाकत होते आणि अम्मी आमच्यापासून भीती झाकत होत्या. माझे झाकणे अब्रूसाठी होते, त्यांचे मायेपोटी. पण सडण्याला दोन्हींतला फरक कळत नाही. दोन वर्षे त्या रोज पहाटे चादर झटकत होत्या आणि त्याच ओसरीत, खाटेपासून चार हातांवर, मी रोज वह्या तपासत बसत होते.

मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही भाषांत घर करून राहिलेले काही शब्द आहेत, त्यांतला एक मुलामा. उर्दूत मुलम्मा. हलक्या धातूवर चढवलेला सोन्या-चांदीचा पातळ थर. दुसरा शब्द मरम्मत, ज्याला आपण मराठीत दुरुस्ती म्हणतो, तोही फारसीतून आलेला. वर्गात या शब्दांचे अर्थ मी कितीदा फळ्यावर लिहिले असतील. पण मुलामा करून घेणे आणि मरम्मत झाली असे मानणे, ही चूक माणूस किती सहज करतो, हे शिडीवर चढल्यावर समजले. हजरत मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घालतात आणि बोटांना आतली ओल लागते, तो प्रसंगही मी मुलांना सांगत आले आहे. पावसाने भिजलेले धान्य दुकानदाराने खाली दडवले होते. ते वर ठेवायला हवे होते, म्हणजे घेणाऱ्याला दिसले असते, ही त्यातली शिकवण. मी कुणाला धान्य विकत नव्हते. पण रविवारच्या आत ओल दडवायला निघाले होते, हे खरे.

सकाळी घरच्यांसमोर सगळे मांडले. मुलीचे अब्बा म्हणाले, “काम आधी. पाहुण्यांना फोन करून तारीख पुढे ढकलू.” अम्मींनी त्याला नकार दिला. “लोक ठरवून येत आहेत. येऊ द्या. घर जसं आहे तसं बघतील.”

काम सुरू झाले. आधी ओसरीला दोन्ही बाजूंनी टेकू लावले आणि अम्मींची खाट आत हलवली. तुळईचा पूर्ण बदल करावा लागेल या भीतीने माझ्या पोटात गोळा आला होता, पण मामांनी तीन फूट सडका भाग कापून त्या जागी जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा सांधा करून बसवला. दोन वासे नवे घातले, कडुलिंबाचे. आमच्याकडे जुने लोक वाशांना लिंब पसंत करतात, त्याला कीड कमी लागते. वाळवीचे औषध नुसते लाकडाला न लावता भिंतीच्या पायथ्याशी जमिनीतही सोडले, कारण ती वरून येत नाही, मातीतून चढते. पत्र्याची जुनी भोके बुजवली, हुक आणि रबरी वॉशर बदलले. या सगळ्याला मिळून 21,000 रुपये लागले. दिरांनी मुलाम्यासाठी पाठवलेले पैसे मरम्मतीत गेले. त्यांना सांगितले, तेव्हा ते काही वेळ फोनवर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “अम्मीला खाट आतच ठेवायला सांगा.”

रविवारी पाहुणे आले तेव्हा ओसरीची पुढची बाजू पूर्ण उघडी होती. टेकू लागलेले, अंगणात भुगा, कोपऱ्यात कुजलेल्या फळ्यांचा ढीग. आम्ही त्यांना मागच्या खोलीत बसवले. मुलाच्या आईने येता येता वर पाहिलेच. अम्मी स्वतःहून म्हणाल्या, “तुळई वाळवीने खाल्ली होती. दुरुस्त करतो आहोत.” एवढे एकच वाक्य. मला त्या वेळी शरम वाटली, हे मी लपवत नाही. पण वाक्य बोलून झाल्यावर ओझे उतरल्यासारखेही वाटले.

पंधरा दिवसांनी निरोप आला. त्यांचा होकार नव्हता. कारण त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. माझ्या मनात मात्र आले की, झालर झाकली असती तर? मी ते मुलीजवळ बोलून दाखवले. ती हसली आणि म्हणाली, “अम्मी, झालर बघून हो म्हणाले असते, तर मला आयुष्यभर झालरच सांभाळावी लागली असती.” ती बावीस वर्षांची आहे. या वयात मला हे सुचले नसते.

आता घाई उरली नव्हती, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा विचार नव्याने आणि नीट केला. माझा या धातूवर राग नाही. आमच्या नानींच्या घरी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणत. मी मुलांना सांगते की, 1886 साली अमेरिकेतला हॉल आणि फ्रान्समधला एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न भेटता, विजेच्या साहाय्याने हा धातू वेगळा काढायची एकच रीत शोधली आणि दुर्मीळ, महाग धातू गरिबाच्या चुलीवर आला. तो हलका आहे आणि लोखंडासारखा गंजत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर त्याचाच एक अगदी पातळ थर तयार होऊन आतला भाग राखतो. अमेरिकेत लाकडी फॅशियावर अ‍ॅल्युमिनियम चढवायची पद्धत जुनीच आहे. तर तो चढवावा, पण कसा, हे समजून घ्यायला हवे. चौकशी करून जे समजले ते इथे देते, कारण माझ्यासारखी जुनी घरे अनेक भगिनींची असतील.

पहिली गोष्ट, लाकूड कोरडे आणि निरोगी असल्याशिवाय झाकू नये. दुसरी, पट्टी लाकडाला अगदी चिकटवू नये. मध्ये पातळ रिपा ठोकून अर्धा इंच पोकळी ठेवावी आणि खालची बाजू मोकळी सोडावी, म्हणजे हवा खेळते आणि चुकून पाणी शिरले तरी वाट सापडते. तिसरी, अ‍ॅल्युमिनियम उन्हात फुगते. दहा फुटांची पट्टी तापमान 50 अंशांनी वाढले तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबते. आमच्याकडे थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली तापलेली दुपार यांत धातूच्या पत्र्याला एवढा फरक सहज पडतो. म्हणून स्क्रूची भोके लांबट ठेवावीत आणि स्क्रू करकचून आवळू नयेत, नाहीतर पत्रा लाटांसारखा वाकतो. चौथी, साधे लोखंडी खिळे वापरू नयेत. ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत. पाचवी आपल्या जुन्या घरांसाठी फार महत्त्वाची आहे. ओला चुना आणि ओले सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातात. जिथे पट्टी भिंतीला टेकते तिथे मध्ये रंगाचा किंवा डांबराचा थर द्यावा आणि ईदच्या आधी सफेदी करताना चुन्याचे शिंतोडे लगेच पुसावेत.

आणि एसीपी? ती लाकडासारखी सुंदर शीट मी घेतली नाही. 14 जून 2017 रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ती याच प्रकारच्या आवरणावरून वर वर पसरत गेली. जुन्या इमारतीला नवे रूप देताना बाहेरून लावलेल्या त्या पत्र्यांच्या पोटात पेटणारे प्लॅस्टिक होते. 72 माणसे गेली. रमजानचे दिवस होते. सहरीसाठी जागे असलेल्या काही रहिवाशांनी शेजाऱ्यांची दारे ठोठावली, असे तेव्हाच्या बातम्यांत वाचल्याचे आठवते. आमचे घर काही टॉवर नाही आणि आग न पकडणाऱ्या शीटही आता मिळतात. पण आमची चूल ओसरीच्या पूर्वेच्या कडेला, झालरीखालीच पेटते. मला साधा पत्रा पुरेसा होता.

शेवटी आम्ही असे केले. पाऊस आमच्याकडे पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची कड आणि समोरचा अर्धा भाग नव्या फळीवर साध्या, रंगाचा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमने झाकला. खालच्या काठाला बाहेर वळवलेली छोटी पट्टी ठेवली, म्हणजे पागोळ्या लाकडावर न ओघळता अंगणात पडतात. दारावरचा सहा फुटांचा तुकडा मात्र मामांनी ठोकून पाहिला, तो टणटणीत निघाला. तो धुऊन, घासून, तेल पाजून तसाच उघडा ठेवला. गळालेल्या पाकळ्यांच्या जागी तीन नव्या कातरून बसवल्या. त्या जुन्यांपेक्षा थोड्या वेगळ्या दिसतात. मामा म्हणाले, “बापाचा हात मला कुठून येणार?”

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला. रात्रभर पत्रा वाजत होता. पहाटे अम्मींची खाट पुन्हा ओसरीत होती, आम्ही कितीही सांगितले तरी त्यांना आत झोप येत नाही. मी फजरला उठले आणि आधी त्यांच्या अंथरुणाकडे गेले. त्या चादर झटकत होत्या. मी घाबरून विचारले, “अम्मी, पुन्हा माती?”

“नाही,” त्या म्हणाल्या, “सवय लागली आहे.”

मी चादर हातात घेऊन पाहिली. ती कोरडी आणि स्वच्छ होती. अल्लाहचे आभार मानले आणि वुजूसाठी पाणी घ्यायला गेले.